सूत्र बरोबर, उत्तर 'नॅन': अंतराच्या कोडमधली कॉस इन्व्हर्स तपासून पाहू

रीसर्चची तयारी करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: पेपर वाचताना प्रश्न विचारा. पण आपण जो कोड उचलून वापरतो, त्याला प्रश्न कोण विचारतं? या लेखात मी अशाच एका कोडची समीक्षा करणार आहे. दहा-बारा ओळींचाच कोड आहे. नकाशावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढतो. "जवळचं दुकान", "जवळचा दवाखाना", "तुमच्यापासून किती किलोमीटर" असं जिथे जिथे वेबवर दिसतं, तिथे बहुतेक वेळा याच कोडचं कुठलंतरी भावंड चालत असतं. आणि त्याच्या शेवटच्या ओळीत हमखास एक व्यस्त त्रिकोणमितीय फल असतं. बारावीत आपण ज्याला 'इन्व्हर्स ट्रिग' म्हणायचो, तेच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या कोडबद्दल जे तीन युक्तिवाद ठिकठिकाणी वाचायला मिळतात, ते तिन्ही अर्धे खरे आहेत. आणि उरलेला अर्धा भाग तुमच्या थिसिसमधल्या तक्त्यात शिरू शकतो.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू

समजा, तुम्ही गावांपासून प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे यावर काम करताय. प्रत्येक गावाचा एक अक्षांश-रेखांश, प्रत्येक केंद्राचा एक. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने अंतर काढायचं, पाच किलोमीटरच्या आत केंद्र असलेली गावं हिरवी, बाकीची लाल.

पृथ्वी गोल धरली तर सगळ्यात सरळ सूत्र गोलीय त्रिकोणमितीतलं कोसाइन सूत्र. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन गुणिले रेखांशांच्या फरकाचा कोसाइन एवढं मिळवायचं. आलेल्या संख्येचा कॉस इन्व्हर्स घ्यायचा, तो पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे साधारण ६३७१ किलोमीटरने गुणायचा. झालं अंतर. गणित म्हणून यात एकही चूक नाही.

आता ज्या गावातच आरोग्य केंद्र आहे, ते गाव घ्या. पुष्कळदा माहितीत केंद्राचा बिंदू म्हणून गावाचाच बिंदू टाकलेला असतो. दोन्ही बिंदू तेच. रेखांशांचा फरक शून्य, त्याचा कोसाइन १. म्हणजे उरलं काय, तर साइनचा वर्ग अधिक कोसाइनचा वर्ग. शाळेपासून आपण सांगत आलो की हे १ असतं.

कागदावर असतं. संगणकात साइन एकदा राउंड होतो, कोसाइन एकदा, दोन्ही वर्ग पुन्हा, आणि बेरीज शेवटी आणखी एकदा. म्हणून अक्षांशानुसार तीनपैकी एक गोष्ट होते. बहुतेकदा उत्तर नेमकं १ येतं. काही अक्षांशांना १ पेक्षा अगदी किंचित कमी येतं. आणि काहींना १.०००००००००००००००२ येतं. या तिसऱ्या संख्येचा कॉस इन्व्हर्स अस्तित्वातच नाही, कारण कोसाइन कधी १ च्या वर जात नाही. जावास्क्रिप्ट इथे थांबत नाही, एरर देत नाही. निमूटपणे 'नॅन' देतं, म्हणजे 'नॉट अ नंबर'.

आणि पुढे काय होतं बघा. 'नॅन पाचपेक्षा कमी आहे का?' या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. गाव लाल. ज्या गावात दवाखाना दारात आहे, तेच गाव तुमच्या नकाशावर 'दवाखाना नाही' म्हणून दिसतं! किमान अंतर काढायला गेलात तर यादीतल्या एका नॅनमुळे किमान अंतरच नॅन होतं. अंतरानुसार यादी लावलीत तर तुलनेचं नॅन उत्तर 'दोन्ही सारखेच' असं धरलं जातं आणि क्रम कसाही लागतो. आणि माहिती जेसनमध्ये साठवलीत तर नॅनच्या जागी 'नल' लिहिलं जातं. ती फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ते गाव 'माहिती उपलब्ध नाही' या खात्यात जमा.

आता सरासरी काढा. समजा दहा गावं आहेत. दोन गावांचं अंतर शून्य, बाकी आठांची सरासरी पाच किलोमीटर. खरी सरासरी चार. ती दोन गावं 'मिसिंग' म्हणून गळली, तर सरासरी पाच. गळालेली गावं कुठलीही नव्हती, नेमकी शून्य अंतराचीच होती. अशी गळती एकाच बाजूने होते. संशोधनात सगळ्यात धोकादायक चूक हीच: जी योगायोगाने नाही, तर ठरावीक दिशेने होते.

युक्तिवाद पहिला: "सूत्रं सगळी एकच, सोपं ते घ्या"

कोसाइन सूत्राला पर्याय म्हणजे हॅवर्साइन. ही कल्पना जुनी आहे. 'हॅवर्साइन' हा शब्द जेम्स इनमनने १८३५ मध्ये त्याच्या नौकानयनाच्या पुस्तकात वापरला. 'वर्स्ड साइन' म्हणजे १ वजा कोसाइन. त्याचं अर्धं, 'हाफ', म्हणून हॅवर्साइन. आपल्याकडच्या ज्योतिषगणितात वर्स्ड साइनची राशी उत्क्रमज्या म्हणून ओळखीची होती. समुद्रावर कोष्टकं आणि लॉगरिदम घेऊन अंतर काढणाऱ्यांसाठी ही सोय होती.

संगणकाच्या काळात तिची बाजू मांडली ती रॉजर सिनट यांनी, 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात १९८४ साली, हॅवर्साइनचे गुण सांगणाऱ्या एका छोट्या टिपणात. मुद्दा असा की बिंदू जवळजवळ असले की कोसाइनचं सूत्र अचूकता हरवतं, हॅवर्साइन हरवत नाही. आज वेबवर दिसणाऱ्या कित्येक कोडचं मूळ या टिपणापर्यंत नेऊन सांगितलं जातं.

का हरवतं, हे समजून घ्या, कारण लेखाचा गाभा तोच आहे. एखाद्या सड्यावर, सपाट पठारावर तुम्ही चालताय आणि किती चाललात हे फक्त उंचीवरून ओळखायचंय. शंभर पावलं चाललात तरी उंची तीच! कोसाइनचा आलेख शून्याजवळ असाच सपाट असतो. एक मीटर अंतराचा कोन घेतला तर त्याचा कोसाइन ०.९९९९९९९९९९९९९८७७ येतो. तेरा नऊ फुकट गेले. अंतराची सगळी माहिती उरलेल्या दोन-तीन अंकांत कोंबलेली.

हेच बारावीच्या भाषेत: कॉस इन्व्हर्सच्या डेरिव्हेटिव्हमध्ये छेदाला वर्गमुळात १ वजा एक्सचा वर्ग असतो. एक्स १ जवळ गेला की छेद शून्याकडे, आणि उतार अनंताकडे. आपण हे पाठ केलं, त्यावर गणितं सोडवली. पण त्याचा अर्थ असा की आत गेलेली बारीकशी राउंडिंगची चूक बाहेर येताना शेकडो-हजारो पटींनी फुगून येते. हे वाक्य कुठल्या गाइडमध्ये असतं का?

हॅवर्साइन काय करतं? आधी अक्षांशांची वजाबाकी, रेखांशांची वजाबाकी, मग त्यांच्या निम्म्याचा साइन. साइन शून्याजवळ सपाट नसतो, चांगला चढता असतो. शिवाय संगणकातल्या संख्या शून्याजवळ अधिक दाट असतात. म्हणून छोटं अंतर छोटं म्हणूनच जपलं जातं. दोन्ही बिंदू तेच असले तर उत्तर नेमकं शून्य येतं, नॅनचा प्रश्नच नाही.

तेव्हा 'सूत्रं एकच' हे कागदापुरतं खरं. संगणकात ती दोन वेगळी सूत्रं आहेत.

युक्तिवाद दुसरा: "ते जुन्या काळात ठीक होतं, आता ६४ बिट आहेत"

हा युक्तिवाद जास्त हुशार आहे, म्हणून त्याला नीट न्याय द्यायला हवा. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्या ६४ बिटांच्या असतात, म्हणजे साधारण १५-१६ सार्थ अंक. म्हणे, एवढ्या अंकांत कोसाइन सूत्रही मीटरभर अंतरापर्यंत पुरेसं चालतं. स्वतः हिशोब करून बघू.

१ च्या लगेच खालची ६४ बिटी संख्या १ पेक्षा सुमारे १.१ गुणिले १० चा उणे १६ वा घात एवढीच कमी असते. तिचा कॉस इन्व्हर्स घ्या, ६३७१ किलोमीटरने गुणा. उत्तर येतं सुमारे साडेनऊ सेंटिमीटर. म्हणजे कोसाइन सूत्राला शून्यानंतरचं पहिलं अंतर साडेनऊ सेंटिमीटर, दुसरं १३.४, तिसरं १६.४. मधली अंतरं त्याला दिसतच नाहीत. एका मीटरपाशी ही पायरी साडेचार मिलिमीटरची होते. गावापासून दवाखान्याचं अंतर काढणाऱ्याला याने काय फरक पडतो? काहीच नाही. इथपर्यंत युक्तिवाद बरोबर.

मग हाच हिशोब ३२ बिटांसाठी करा. १ खालची पहिली संख्या साधारण ६ गुणिले १० चा उणे ८ वा घात एवढी खाली. अंतर? २.२ किलोमीटर! म्हणजे ३२ बिटांत कोसाइन सूत्र सव्वादोन किलोमीटरच्या आतलं काही ओळखूच शकत नाही. सिनटच्या टिपणाचं महत्त्व इथे कळतं. आणि ३२ बिट इतिहासजमा झालेत असं समजू नका. ब्राउझरमध्ये नकाशा ग्राफिक्स कार्डवर काढला जातो, तेव्हा वेबजीएलच्या शेडरमध्ये गणित ३२ बिटांतच चालतं. हजारो बिंदूंची माहिती हलकी करायला लोक ती ३२ बिटी ॲरेत भरतात, ते वेगळंच.

पण या युक्तिवादाचा खरा दोष दुसरीकडे आहे. तो फक्त अचूकतेबद्दल बोलतो. वर पाहिलेला नॅन हा अचूकतेचा प्रश्न नाहीच. तिथे चूक सोळाव्या अंकात होती आणि परिणाम 'गाव गायब' असा होता. बिट वाढवले तर चूक लहान होईल, पण १ च्या काठावरून बाहेर पाय पडायला लहान चूकही पुरते. काठावर उभं राहणाऱ्याला अंतर मोजायची चांगली पट्टी देऊन उपयोग नसतो, काठापासून लांब न्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट. जावास्क्रिप्टच्या प्रमाणित व्याख्येत साइन, कोसाइन, कॉस इन्व्हर्स यांचं उत्तर शेवटच्या अंकापर्यंत बांधून दिलेलं नाही. ते अंदाजे, कार्यान्वयनावर सोडलेलं आहे. 'एफडीलिबएम' ही जुनी लायब्ररी वापरावी अशी फक्त शिफारस आहे. म्हणजे एका ब्राउझरमध्ये १ आलं ते दुसऱ्यात १ च्या किंचित वर येऊ शकतं. तुमचा निकाल तुमच्या गाइडच्या लॅपटॉपवर वेगळा आला, तर व्हायव्हात काय सांगणार?

युक्तिवाद तिसरा: "एटॅन२ लावा, निर्धास्त व्हा"

हॅवर्साइनच्या कोडमध्ये शेवटची ओळ दोन प्रकारे लिहिलेली सापडते. मधल्या राशीला आपण 'अ' म्हणू. एक प्रकार: अ च्या वर्गमुळाचा साइन इन्व्हर्स, गुणिले दोन. दुसरा: एटॅन२, त्यात पहिला आकडा अ चं वर्गमूळ आणि दुसरा १ वजा अ चं वर्गमूळ, गुणिले दोन. दुसरा प्रकार 'जास्त सुरक्षित' असं सांगितलं जातं.

तपासू. बिंदू जवळ असतील तर दोन्ही उत्तम. अडचण आता दुसऱ्या टोकाला सरकते. बिंदू पृथ्वीच्या बरोब्बर विरुद्ध बाजूंना असले की अ १ जवळ जातो, आणि साइन इन्व्हर्सचा उतार तिथे अनंताकडे जातो. एटॅन२ याला वाचवतो का? नाही. कारण माहिती एटॅन२ पर्यंत पोचण्याआधीच गेलेली असते. अ ची बेरीज करतानाच शेवटचे अंक कापले गेले, आता १ वजा अ कितीही अचूक काढा, कापलेलं परत येत नाही. आणि राउंडिंगने अ १ च्या वर गेला, तर १ वजा अ ऋण, त्याचं वर्गमूळ नॅन, आणि एटॅन२ चं उत्तरही नॅन. म्हणजे ज्या आजारावर औषध म्हणून आणलं, तोच आजार वेगळ्या दाराने आत.

एटॅन२ वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. त्याची खरी जागा वेगळी आहे. साधा टॅन इन्व्हर्स फक्त भागाकार पाहतो, आणि उणे भागिले उणे व अधिक भागिले अधिक त्याला सारखेच. म्हणून दवाखान्याकडे दाखवणारा बाण टॅन इन्व्हर्सने काढलात तर तो अर्ध्या वेळा नेमका उलट दिशेला बोट दाखवेल. एटॅन२ दोन्ही आकडे वेगळे घेतो, चिन्हं जपतो. मात्र क्रम लक्षात ठेवा: जावास्क्रिप्टमध्ये आधी वाय, मग एक्स. एक्सेलमध्ये आधी एक्स, मग वाय!

आणि अंतरासाठीही एटॅन२ चा चांगला वापर आहे. कोनाचा साइन आणि कोसाइन दोन्ही स्वतंत्रपणे, मूळ अक्षांश-रेखांशांवरून काढायचे आणि दोन्ही एटॅन२ ला द्यायचे. साइनची बाजू दोन वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ म्हणून येते, ती ऋण होऊच शकत नाही. कोसाइन सपाट असतो तिथे साइन माहिती देतो, साइन सपाट असतो तिथे कोसाइन. थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये दिलेल्या पद्धतीत पृथ्वीचा चपटेपणा शून्य धरला की हेच सूत्र मिळतं. हे जवळ, लांब, विरुद्ध टोकाला, सगळीकडे चालतं. फरक 'एटॅन२ वापरला' यात नाही, 'त्याला काय दिलं' यात आहे.

'१ पेक्षा जास्त असेल तर १ धरा', हे चालेल का?

हा तोडगा तुम्हाला दिसेलच. इथे तो चालतो, पण का चालतो ते माहीत हवं. कोसाइन सूत्रातली राशी म्हणजे एकक लांबीच्या दोन सदिशांचा डॉट प्रॉडक्ट. ती गणिताने १ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे गेली तर कारण फक्त राउंडिंग. म्हणून कापायला हरकत नाही. पण कुठल्याही दोन सदिशांमधला कोन काढताना लांबीने भागायचं राहून गेलं, तर डॉट प्रॉडक्ट ३.७ सुद्धा येईल. तिथे '१ धरा' म्हणजे पुरावा नष्ट करणं. कापायचं तर किती जास्त होतं ते आधी तपासा.

यातून एक उलटी गोष्टही निघते, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. राशी नेहमी मर्यादेत असते, म्हणून चुकीची माहिती दिली तरी सूत्र कधी तक्रार करत नाही. अंश तसेच रेडियन म्हणून दिले? आकडा येतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल केली? आकडा येतो. आणि ही अदलाबदल सहज होते, कारण जिओजेसन या प्रमाणित स्वरूपात आधी रेखांश असतो, आणि आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो. पुणे १८.५२, ७३.८६ आणि मुंबई १९.०८, ७२.८८ घ्या. अंतर येतं सुमारे १२०.५ किलोमीटर. आता अदलाबदल करा: ११०.४ किलोमीटर. कुणाला शंका येईल? नॅन निदान ओरडतो तरी. हा आकडा शहाण्यासारखा तक्त्यात जाऊन बसतो.

मग काय धरायचं, काय सोडायचं

शेवटी प्रमाणाचं भान. पृथ्वी गोल नाही. विषुववृत्तीय त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर, ध्रुवीय ६३५६.७५२. गोल धरल्याने अंतरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे १२० किलोमीटरला ६०० मीटरपर्यंत. राउंडिंगचा वाद सेंटिमीटरचा. ती ६०० मीटर महत्त्वाची असतील तर लंबगोलावरचं अंतर काढा; चार्ल्स कार्नी यांची २०१३ ची पद्धत कुठल्याही दोन बिंदूंना चालते, व्हिन्सेंटीची विरुद्ध टोकांजवळ अडकू शकते. आणि रुग्ण हवेतून जात नाही. खाडीच्या पलीकडचं केंद्र सरळ रेषेत दोन किलोमीटर असेल, पण रस्ता पूल शोधत जातो. तुमचा प्रश्न 'किती वेळात पोचता येतं' असा असेल, तर सगळ्यात मोठी चूक सूत्रात नाही, सूत्र निवडण्याआधीच झालेली आहे.

मग कॉस इन्व्हर्सवर एवढा काथ्याकूट का? कारण लहान चूक आणि लहान परिणाम यांचा संबंध नसतो, हे शिकवणारं याच्याइतकं स्वस्त उदाहरण सापडत नाही. ६०० मीटरची चूक सगळ्या गावांना थोडी थोडी वाटली जाते. सोळाव्या अंकातली चूक एक अख्खं गाव पुसते.

तेव्हा कुठलंही सूत्र कोडमध्ये घेण्याआधी चार चाचण्या करा. तोच बिंदू दोनदा द्या. एक मीटरवरचा बिंदू द्या. विरुद्ध टोकाचा द्या. आणि ज्याचं अंतर तुम्हाला दुसरीकडून पक्कं माहीत आहे, अशी एक जोडी द्या. मग एक छोटा लूप लिहा: ८ ते ३७ अक्षांश, ०.०००१ च्या पायरीने, प्रत्येक बिंदूचं स्वतःपासूनचं अंतर कोसाइन सूत्राने. किती वेळा शून्य, किती वेळा साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास, किती वेळा नॅन, मोजा. हाच लूप दुसऱ्या ब्राउझरमध्ये चालवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आलेले आकडे वहीत लिहून ठेवा, आणि थिसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य घाला: अंतर कुठल्या सूत्राने काढलं, आणि नॅन आले तेव्हा त्यांचं काय केलं.